मीटर, दिवा आणि आईची गाडी

२००८ सालच्या जानेवारीत, एका सोमवारी सकाळी, आयटीओच्या पुलावर आईची गाडी बंद पडली. धुकं दाट होतं. मागच्या बसच्या कंडक्टरने उतरून गाडी कडेला ढकलायला मदत केली. थोड्या वेळाने ती काही न करता पुन्हा सुरू झाली. आई पहाडगंजातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवत असे. त्या दिवशी तिचा पहिला तास झाला नाही.

त्या महिन्यात हे आणखी काही वेळा घडलं. दर वेळी सकाळी, दर वेळी वेगळ्या ठिकाणी. दुपारी परतताना गाडी कधीच अडली नाही.

बाबा केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले तेव्हा रामकृष्णपुरमचं क्वार्टर सोडावं लागलं आणि आम्ही गाझियाबादच्या वैशालीत सोसायटीच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. तिथे इमारती आधी उभ्या राहत आणि रस्ते मागाहून येत. मेट्रो वैशालीपर्यंत पोचायची होती. उत्तर प्रदेशची ऑटोरिक्षा दिल्लीच्या हद्दीत जात नसे. आनंद विहारला उतरायचं, रस्ता ओलांडायचा, दिल्लीची बस पकडायची आणि बहुधा उभ्याने जायचं. आईचे गुडघे तोवर दुखायला लागले होते. म्हणून पन्नाशीला टेकल्यावर तिने गाडी चालवायला शिकून घेतलं. शिकवणाऱ्याने बाबांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की माताजींना जमणं कठीण आहे. दुसऱ्याच वर्षी संक्रांतीच्या सुमारास ती बाबांना शेजारी बसवून कर्नाल रोडने पानिपतला गेली. काला अंबच्या स्मारकाशी दिल्लीतली मराठी मंडळी दर वर्षी जमतात. तिथे गाडी लावून ती स्टिअरिंगमागून उतरली, तेव्हा मंडळातल्या बायकांनी आधी स्मारकाकडे नाही, तिच्याकडे पाहिलं. हे बाबा अजून सांगतात.

गाडी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस घेतलेली होती. कार्ब्युरेटर नसलेल्या पहिल्या काही गाड्यांपैकी ती एक. किती पेट्रोल सोडायचं हे एक छोटा कंप्यूटर ठरवी, आणि हे बाबा आल्यागेल्याला आवर्जून सांगत. आता तो कंप्यूटरच गेला, असं कंपनीच्या वर्कशॉपचं म्हणणं पडलं.

वर्कशॉपने आपलं मशीन जोडलं होतं. मशीनने तीन बिघाड सांगितले: एक ॲक्सिलरेटरजवळच्या सेन्सरचा, एक इंजिनच्या तापमानाचा, एक हवेच्या दाबाचा. त्यांनी आधी एक सेन्सर बदलला, मग दुसरा. गाडी पुन्हा बंद पडली. तेव्हा सुपरवायझर म्हणाला, "मैडम, कंप्यूटर ही गया है. मँगवाने में टाइम लगेगा. पुरानी गाड़ी है, आप नई क्यों नहीं देखतीं?"

घरी बाबा म्हणाले, "अगं, गाडी गेली. आता तूही पुरे कर. व्हीआरएस घे. पाच वर्षं इकडे की तिकडे, काय फरक पडतो?"

"फेब्रुवारीत दहावीची प्रात्यक्षिकं आहेत. ती कोण घेणार, तुम्ही?"

"शाळा बघून घेईल ना यार."

चाळीस वर्षांच्या दिल्लीने बाबांच्या मराठीत 'यार' आणून बसवला होता आणि तो ते बायकोलाही लावत. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जाचा मसुदा टाइप करून आणला. आईने तो वाचला, त्यातला एक शब्द सुधारला आणि फ्रिजवर ठेवला.

"प्रात्यक्षिकांच्या आत गाडीला काय झालंय ते कळलं नाही, तर सही करते," ती म्हणाली. "कळलं तर तुम्ही हा विषय काढायचा नाही."

"बिल्कुल," बाबा म्हणाले.

त्या वर्षी पानिपतला बाबा मंडळाच्या बसने गेले. आई घरी राहिली.

तिने सुरुवात मशीनने सांगितलेल्या तीन बिघाडांपासून केली. तीन वेगवेगळे सेन्सर एकाच आठवड्यात बिघडतील हे तिला पटत नव्हतं. मी तेव्हा एका दैनिकाच्या दिल्ली कार्यालयात डेस्कवर होतो. आमच्याकडे तीन गावांच्या बातम्या एकाच दिवशी अगम्य अक्षरांत आल्या, तर कुणी बातमीदारांना फोन करत नसे. ज्या एका मशीनवर त्या उतरत, ते तपासलं जाई. मी हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "तेच म्हणतेय मी. तिघांमध्ये सामायिक काय आहे ते शोधायचं." सामायिक होत्या दोन गोष्टी: कंप्यूटर, आणि करंट परत बॅटरीकडे जाण्याची वाट, म्हणजे अर्थिंग. कंप्यूटर महाग आणि बंद डब्यात. म्हणून आधी अर्थिंग.

पण ते कशाने तपासायचं, हा प्रश्न होता, आणि इथे तिने घाई केली नाही.

शेजारच्या कौशांबीच्या वळणावर एक वयस्क सरदारजी गाड्यांची वायरिंग करत. आयुष्यभर ट्रकांवर काम केलेला माणूस. त्यांचं हत्यार एकच: टोकदार सळई, तिच्या मुठीत छोटा दिवा, आणि शेपटीसारख्या वायरीला चिमटा. चिमटा गाडीच्या पत्र्याला लावायचा आणि सळई वायरीत खुपसायची.

"बत्ती जली तो करंट है मैडमजी, नहीं जली तो नहीं है. इससे आगे बिजली में कुछ है ही नहीं."

"कंप्यूटर की तारों पर ये नहीं लगेगा," आई म्हणाली.

"क्यों जी?"

"आपकी बत्ती खुद करंट खाती है. सेन्सर की तार में इतना करंट होता ही नहीं. आपकी बत्ती का पेट भरते-भरते कंप्यूटर जल जाएगा."

सरदारजींनी दिव्याकडे पाहिलं. "बड़ी भूखी है जी ये, मानता हूँ. ट्रक में तो चल जाती है."

ते रागावले नाहीत. उलट त्यांनी तिला एक उपयोगी गोष्ट दाखवली. डॅशबोर्डखालच्या प्लगमधल्या ठरावीक दोन पिना वायरीच्या तुकड्याने जोडल्या की समोरचा पिवळा दिवा उघडझाप करतो, आणि त्या उघडझापीवरून बिघाडाचा आकडा वाचता येतो. त्यासाठी मशीन लागत नाही. आईने ते तिथल्या तिथे तीनदा करून पाहिलं. तेच तीन बिघाड आले.

शनिवारी दुपारी आम्ही दोघं लाजपतराय मार्केटला गेलो. गाडी आईने चालवली. दुपारची ती नेहमीप्रमाणे नीट चालली. लाल किल्ल्यासमोरच्या त्या बोळांमध्ये इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं एकमेकांच्या पाठीला पाठ लावून आहेत. दुकानदाराने एक चकचकीत मीटर काढला.

"बहनजी, ये ले जाइए. तापमान भी बताता है, ट्रांजिस्टर भी चेक करता है."

"मुझे ट्रांजिस्टर नहीं चेक करना. इसमें सबसे ऊपर वाला आँकड़ा रुकता है क्या?"

"रुकता है मतलब?"

"मैं गाड़ी चला रही हूँ. पल भर के लिए वोल्टेज चढ़ा और उतर गया. मैं तो सड़क देख रही थी. बाद में मीटर मुझे बताएगा कि कहाँ तक चढ़ा था?"

दुकानदाराने स्टुलावर चढून वरच्या फळीवरून दुसरे मीटर उतरवले. "ये तो लैब वाले ले जाते हैं."

"लैब वाली ही हूँ," आई म्हणाली.

तिने पर्समधून रुमालात गुंडाळलेला एक सेल काढला. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या चांगल्या मीटरवर त्याचं व्होल्टेज तिने आदल्या दिवशी मोजून ठेवलं होतं. दुकानातल्या तीन मीटरांवर तिने तो सेल लावून पाहिला. मग प्रत्येकाची वायर मुठीजवळ वाकवून, पीळ देऊन पाहिली. दोन मीटरांचे आकडे वायर हलताच उड्या मारायला लागले. तिसऱ्याचा आकडा जागचा हलला नाही. तिने तो घेतला. त्यात तापमान नव्हतं आणि त्याचा रंगही बरा नव्हता.

तिथून काश्मिरी गेटला गेलो, मोटारींच्या सामानाच्या बाजारात. तिथे हातात मावणारी, गाडीच्या कंप्यूटरशी बोलणारी यंत्रं यायला लागली होती. विक्रेता म्हणाला, "सब गाड़ी पकड़ेगा."

"मेरी बाहर खड़ी है. पकड़ के दिखाइए."

तो आला. प्लग नीट बसला. यंत्राच्या पडद्यावर ठिपके पुढे सरकत राहिले आणि शेवटी संपर्क होत नसल्याचं आलं. त्याने दोनदा पुन्हा लावून पाहिलं.

"गाड़ी पुरानी है जी," तो म्हणाला.

"हाँ. पुरानी के लिए ही लेने आई थी."

आमची गाडी ज्या काळातली होती, त्या काळात प्रत्येक कंपनीचा कंप्यूटर आपापल्या भाषेत बोले. सगळ्यांची समान भाषा नंतर आली. प्लगचा आकार सारखा असला म्हणून भाषा सारखी होत नाही. हे तिने मला परतीच्या वाटेवर सांगितलं. आमच्या सोसायटीतल्या दोघांनी तसंच यंत्र न तपासता घरी नेलं होतं आणि मग ते परत करायच्या खेपा घातल्या होत्या.

घरी बाबांनी पिशवीत डोकावून पाहिलं. "मीटर? मीटर तर शाळेत पण आहे."

"शाळेतला शाळेत राहील," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. पार्किंगमध्ये ऊन आलं होतं. बाबा खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत संत्री सोलत होते. सरदारजी त्यांची पेटी घेऊन आले होते. आईने त्यांना खास बोलावलं होतं, कारण बोल्ट सोडवायला हात आणि अनुभव त्यांचाच लागणार होता. तिने मीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरं कंप्यूटरचं अर्थिंग जिथे बसवलं होतं त्या पत्र्याला लावलं, आणि मधला रोध मोजला. जवळजवळ शून्य. म्हणजे जोड ठीक. तिने पुन्हा मोजला. पुन्हा शून्य.

"मग कंप्यूटरच," बाबा वर्तमानपत्रामागून म्हणाले.

आई बॉनेटला हात टेकून उभी राहिली. मी तिला वर्गात कधी पाहिलं नव्हतं. फळ्यावरचं गणित अडल्यावर ती अशीच उभी राहत असावी.

सरदारजींनी घसा साफ केला. "मैडमजी, कंप्यूटर से दूर रहूँगा. मोटी तार पर मेरी बत्ती लगाने दोगे? छोटी नहीं, बड़ी वाली."

त्यांनी पेटीतून हेडलाइटचा जुना बल्ब काढला. त्याला दोन वायरी जोडलेल्या होत्या. एक बॅटरीच्या धन टोकाला लावली, दुसरी ऋण टोकाला. बल्ब उन्हातही डोळ्यांना खुपेल इतका पेटला. मग दुसरी वायर काढून पत्र्याला लावली. बल्ब पिवळा, मंद, संध्याकाळच्या कंदिलासारखा.

"मीटर झूठ बोलता है जी आपका."

"नहीं," आई म्हणाली. "मैंने गलत सवाल पूछा था."

तिने ते आम्हाला समजावून सांगितलं. रोध मोजताना मीटर नखाएवढा करंट पाठवतो. शंभर पदरांच्या वायरीचा एक पदर जरी शिल्लक असला तरी तेवढा करंट सहज जातो आणि मीटर म्हणतो, वाट मोकळी आहे. पण सकाळी धुक्यात हेडलाइट, काचेवरच्या वाफेसाठी पंखा, वायपर, मागच्या काचेचं गरम करणं, असं सगळं एकदम चालू असतं. तो सगळा करंट त्याच एका पदरातून परत जायला बघतो आणि तुंबतो. तुंबला की पत्र्यावरचं जे शून्य व्होल्ट धरून कंप्यूटर सगळं मोजतो, ते शून्य राहत नाही. सेन्सर खरं सांगतात आणि कंप्यूटरला चुकीचं ऐकू येतं. दुपारी वर्कशॉपमध्ये यातलं काहीच चालू नसतं, म्हणून त्यांना काही सापडत नव्हतं.

"म्हणजे दिवा पाहिजे आणि मीटरही पाहिजे," ती म्हणाली. "दिवा ओझं घालेल, मीटर मोजेल."

सरदारजींनी बल्ब पत्र्यावर तसाच लावून ठेवला. मी आत बसून इंजिन सुरू केलं, हेडलाइट आणि पंखा लावला. आईने मीटर व्होल्टवर घेतला आणि पुन्हा त्याच दोन जागी टेकवला. तिथे पाव व्होल्टाच्या आत काहीतरी यायला हवं होतं. दीडच्या वर आलं, आणि पिवळा दिवा लागून इंजिन बंद पडलं. गेले कित्येक दिवस जे फक्त पुलावर आणि चौकात होत होतं, ते तिने आमच्या पार्किंगमध्ये, उन्हात, ठरवून करून दाखवलं. बाबा खुर्चीतून उठले.

सरदारजींनी बॅटरी उतरवली. मग तिच्या खालचा ट्रे. ट्रेच्या खाली, पत्र्यावर, बॅटरीकडून येणाऱ्या अर्थिंगच्या वायरीचा बोल्ट होता. बॅटरीकडून इंजिनला जाणारी जाड वायर वेगळी होती, म्हणून गाडी सुरू मात्र होत असे. बोल्ट दिसत नव्हता. त्याच्यावर एक टणक पापुद्रा चढला होता: खाली हिरवा, मध्ये पांढरा, वर पिवळा आणि लाल.

"ये क्या खिलाया है जी गाड़ी को?"

आईने नखाने थोडं खरवडलं, बोटांत चोळलं आणि बाबांकडे पाहिलं. बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"नारळ," ते म्हणाले.

गाडी आल्यापासून प्रत्येक दसऱ्याला बाबा वाहनपूजा करत. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचा हार. स्कूटर होती तेव्हा फोडलेल्या नारळाचं पाणी ते तिच्या इंजिनवर शिंपडत. गाडी आल्यावर प्रश्न पडला की इंजिन तर झाकलेलं. मग त्यांनी विचार केला की गाडीचा प्राण बॅटरीत. म्हणून दर वर्षी बॉनेट उघडून त्यांनी अख्ख्या नारळाचं पाणी बॅटरीच्या कोपऱ्यात मनोभावे ओतलं. ते ट्रेच्या भोकांतून खाली गेलं, हळदकुंकवासकट बोल्टवर साचलं, वाळलं, आणि पुढच्या दसऱ्याला त्यावर नवा थर चढला.

"म्हणजे मी केलं हे?" बाबा म्हणाले.

"तुम्ही श्रद्धेने केलंत."

"पण पाणी तर स्वच्छ असतं ना नारळाचं."

"स्वच्छ असतं, खारं पण असतं. तांब्याला श्रद्धा कळत नाही."

सरदारजींना मी हे हिंदीत सांगितलं. त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "रब ने पिया तो सही, बाऊजी. बस, पूरा नहीं पिया. बाकी इसने पी लिया."

आधी हसले ते बाबा.

बोल्ट निघायला वेळ लागला. वायरीचे बहुतेक पदर हिरवे होऊन तुटले होते. सरदारजींनी पत्रा कानशीने घासून चमकवला, वायरीचं टोक कापून नवं बसवलं, वर व्हॅसलिनचा हात दिला. आईने त्यांना आणखी एक वायर पत्र्यापासून थेट इंजिनला जोडायला लावली, म्हणजे एक वाट बंद झाली तरी दुसरी राहील. मग पुन्हा हेडलाइट, पंखा, वायपर, मागची काच, आणि वर सरदारजींचा बल्ब. तिने मीटर टेकवला आणि बाबांना वाकून आकडा वाचायला सांगितलं. चष्मा वर करून बाबांनी तो मोठ्याने वाचला. शून्यानंतर टिंब, टिंबानंतर पुन्हा शून्य, मग सहा. तो त्यांनी दोनदा वाचला.

मी तेव्हा बातमीच्या धंद्यात बरीच वर्षं होतो. एक गोष्ट छापण्याआधी दोन स्वतंत्र ठिकाणांहून पडताळायची, हे आम्हाला शिकवलेलं असतं आणि आम्ही ते रोज मोडतो. माझ्या आईने ते पार्किंगमध्ये, साडीचा पदर खोचून, चुकीचा प्रश्न आधी विचारून आणि मग सुधारून केलं. ती माझी आई आहे हे मी त्या आठवड्यात कार्यालयात जरा जास्तच वेळा सांगितलं.

सरदारजींनी पुढे तसाच एक मीटर घेतला. कंप्यूटरवाली गाडी आली की ते गिऱ्हाइकाला आधी सांगत, "बत्ती-शत्ती सब जला दो पहले. फिर नापूँगा." हे कुणाकडून शिकलात असं विचारलं तर ते वैशालीच्या मैडमजींचं नाव घेत. बाबांनी हे स्वतः ऐकलं आणि मंडळाच्या बैठकीत सांगितलं, नारळाचा भाग वगळून. नारळाचा भाग आईने सांगितला.

सोमवारी धुकं होतं. आईने मीटर शेजारच्या सीटवर ठेवला, त्याच्या वायरी बॅटरीपासून आत घेऊन सर्वांत वरचा आकडा धरून ठेवायचं बटण दाबलं, आणि जे जे चालू करता येईल ते सगळं चालू केलं. बाबा मागे बसले. विकास मार्ग, आयटीओचा पूल, मिंटो रोड. शाळेच्या फाटकाशी तिने इंजिन चालू ठेवूनच मीटर उचलून पाहिला आणि मागे दिला. आकडा रविवारच्या जवळपासच होता. पिवळा दिवा लागला नव्हता. पहिला तास तिने घेतला. बाबा बसने घरी आले.

फेब्रुवारीतली प्रात्यक्षिकं ठरलेल्या दिवशी झाली आणि ती आईने घेतली. फ्रिजवरचा मसुदा बाबांनी स्वतः फाडला. आई नियत वयाला निवृत्त झाली आणि त्या दिवशीही शाळेतून घरी ती हीच गाडी चालवत आली.